रेड हार्वेस्ट: वेस्टर्न आणि नॉयर एकत्र वाचायचंय ना, मग पहिलं हेच घ्या

वेस्टर्न (काउबॉय, बंदुका, कायदा नसलेलं गाव) आणि नॉयर डिटेक्टिव्ह (काळोखी शहरातली गुन्हेगारी, जिथे कोणीच धड चांगलं नसतं) अशी सरमिसळ असलेलं काहीतरी चांगलं सुचव म्हणून कोणी विचारलं की मी डोळे मिटून एकच नाव सांगते, अमेरिकन लेखक डॅशिएल हॅमेटची रेड हार्वेस्ट. 1929 ची कादंबरी आहे, शंभरीला टेकलीये, आणि तरीही या दोन प्रकारांचं मिश्रण कसं करावं हे मला तरी हिच्याइतकं कुठे पटलेलं नाही. बहुतेक ठिकाणी काय होतं, डोक्यावर काउबॉयची हॅट, अंगात लांब कोट, थोडा पाऊस, थोडी धूळ, एक सिगरेट, झालं मिश्रण! दोन्हीकडचं सामान उचलायचं आणि गोष्ट मात्र एकाच बाजूची सांगायची. हिच्यात त्यातलं काही नाही. हिरो घोड्यावरून येत नाही, ट्रेनने येतो. गावात मोटारी आहेत, ट्राम आहे, टेलिफोन आहेत, बॉक्सिंगच्या मॅचेस होतात. आणि तरी दहा-बारा पानांत आपल्याला कळतं की अरे ही तर तीच जुनी गोष्ट आहे, गाव गुंडांच्या ताब्यात, शेरीफ विकलेला, आणि बाहेरून एक अनोळखी माणूस येतो.

आधी गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट फोडणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्टिनेन्टल डिटेक्टिव्ह एजन्सीचा एक माणूस पर्सनव्हिल नावाच्या खाणीच्या गावात येतो. या माणसाला अख्ख्या पुस्तकात नाव नाही, सगळे वाचक त्याला कॉन्टिनेन्टल ऑप म्हणतात, ऑप म्हणजे एजन्सीचा साधा ऑपरेटिव्ह, पगारी माणूस. बुटका, जाडसर, चाळिशीचा. गावातला पेपर चालवणाऱ्या डोनाल्ड विल्सनने त्याला बोलावलेलं असतं, आणि दोघांची भेट व्हायच्या आतच डोनाल्डचा खून होतो. डोनाल्डचा बाप एलिहू विल्सन म्हणजे गावाचा खरा मालक, खाण कंपनी त्याची, बँक त्याची, सकाळचा पेपर त्याचा, संध्याकाळचा पण त्याचाच, महापौरापासून गव्हर्नरपर्यंत आणि पार एका सिनेटरपर्यंत माणसं त्याच्या खिशात. पण 1921 साली खाण कामगारांचा संप झाला, आठ महिने चालला, तो मोडायला म्हाताऱ्याने बाहेरून बंदूकवाले गुंड आणले, संप मोडला, कामगारांची कंबर मोडली, आणि मग ते गुंड परत जाईनात. त्यांना गाव आवडलं. कामगारांविरुद्ध जिंकलेलं गाव म्हातारा गुंडांना हरून बसला. लोक आता पर्सनव्हिलला पॉयझनव्हिल म्हणतात.

मला हा पाया फार म्हणजे फारच ताकदीचा वाटतो. साध्या वेस्टर्नमध्ये गुंड कुठून आले हे कोणी विचारत नाही, ते असतातच, डोंगरापलीकडून येतात, वाईट असतात, हिरो त्यांना मारतो, विषय संपला. हॅमेट मात्र सांगतो की गुंडांना इथे पगार देऊन आणलं होतं आणि ज्याने आणलं तोच आता गाव साफ करा म्हणून डिटेक्टिव्हला पैसे देतोय. एलिहू ऑपच्या एजन्सीला दहा हजार डॉलरचा चेक देतो. दुसऱ्या दिवशी त्याचं मन बदलतं, राहू दे म्हणतो, पण ऑप ऐकत नाही. कारण तोपर्यंत गावाच्या पोलीस चीफने, नूनन त्याचं नाव, ऑपला मारायचा प्रयत्न केलेला असतो आणि आता ऑपला गाव साफ करायचंय ते न्यायासाठी वगैरे नाही, त्याचं डोकं फिरलंय म्हणून. इथेच वेस्टर्नच्या हिरोला नॉयरचं रक्त चढतं बघा. काम तेच करणार, पण हेतू तितका स्वच्छ राहिला नाही.

गावाचं वर्णन तर पहिल्या दोन पानांत संपवलंय आणि ते विसरता येत नाही. दोन डोंगरांच्या खाचेत बसलेलं चाळीस हजार वस्तीचं कुरूप शहर, खाणींनी डोंगर घाण केलेले, भट्ट्यांच्या धुराने सगळं पिवळट राखाडी झालेलं. ऑप गावात फिरताना पहिला पोलीस बघतो, त्याची दाढी वाढलेली. दुसऱ्याच्या युनिफॉर्मची बटणं तुटलेली. तिसरा मुख्य चौकात ट्रॅफिक सांभाळतोय, तोंडात सिगार. त्यानंतर ऑप पोलीस बघणं सोडून देतो. एवढंच! गावात कायदा उरलाय का या प्रश्नाचं उत्तर तीन पोलिसांत दिलं आणि पुढे गेला. आजचे लेखक यालाच चाळीस पानं घेतील.

आता हे गाव हॅमेटने हवेतून काढलेलं नाही, आणि मला वाटतं मिश्रण एवढं पक्कं बसलंय त्याचं कारण इथेच आहे. पर्सनव्हिल काल्पनिक आहे पण पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात माँटाना राज्यातल्या ब्यूट शहराचं नाव येतं आणि अभ्यासक पर्सनव्हिलला ब्यूट-अनाकोंडा भागावर बेतलेलं मानतात. ब्यूट म्हणजे तांब्याच्या खाणी. अनाकोंडा कॉपर कंपनीचं तिथे राज्यच होतं, आणि राज्यातले बरेचसे मोठे दैनिक पेपर पार 1959 पर्यंत या एका कंपनीच्या मालकीचे होते, तेव्हा एलिहूचे दोन पेपर म्हणजे अतिशयोक्ती वाटायचं कारण नाही. जून 1917 मध्ये तिथल्या खाणीत आग लागून 168 माणसं गेली, मग संप, आणि संपकऱ्यांना संघटित करायला आलेला आयडब्ल्यूडब्ल्यू युनियनचा फ्रँक लिटल, त्याला 1 ऑगस्ट 1917 च्या पहाटे तोंडं झाकलेल्या माणसांनी खोलीतून उचलून नेलं आणि रेल्वेच्या पुलाला फासावर लटकवलं. त्याच्या अंगावर एक चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावर आकडा होता 3-7-77. हा आकडा माँटानाच्या जुन्या व्हिजिलांटी लोकांचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींच्या काळात जे स्वतःच कायदा हातात घेऊन दरोडेखोरांना फाशी द्यायचे त्यांचा. कोणालाही शिक्षा झाली नाही.

हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ विचार करत बसले होते. वेस्टर्नमध्ये ज्या व्हिजिलांटींना आपण टाळ्या वाजवतो त्यांचीच खूण चाळीस-पन्नास वर्षांनी युनियनच्या माणसाच्या प्रेतावर. म्हणजे वेस्टर्न संपून नॉयर सुरू झालं अशी काही रेघच नाहीये, तीच माणसं, तीच पद्धत, फक्त आता मागे कंपनी आहे.

आणि हॅमेट हे सगळं आतून बघितलेला माणूस. 1915 मध्ये एकविसाव्या वर्षी तो बाल्टिमोरला पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत लागला आणि मधला सैन्यातला काळ सोडला तर 1922 च्या आसपासपर्यंत तिथे होता. मग टीबीने तब्येत ढासळली आणि तो लिहायला लागला. त्याची बायको जोसेफिन नर्स होती आणि ती अनाकोंडा भागात वाढलेली. हॅमेटची पुढच्या आयुष्यातली जोडीदार, नाटककार लिलियन हेलमनने लिहून ठेवलंय की फ्रँक लिटलला मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते असं हॅमेट तिला सांगायचा. हे खरं की नाही यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण पिंकर्टन एजन्सी संप फोडण्याची कामं घ्यायची यावर कसलाच वाद नाही, 1892 च्या होमस्टेडच्या स्टील कारखान्यातल्या संपात तर त्यांची तीनशेच्या आसपास माणसं नदीतून आणली होती आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला होता.

अजून एक गोष्ट सांगायचा मोह होतोय आणि सांगतेच. चार्ली सिरिंगो म्हणून एक माणूस होऊन गेला, टेक्सासचा अस्सल काउबॉय, गुरं हाकणारा, त्याने 1885 मध्ये आपलं काउबॉय आयुष्य पुस्तकात लिहिलं. पुढच्याच वर्षी तो पिंकर्टनमध्ये लागला आणि बावीस वर्षं तिथे होता. दरोडेखोर बुच कॅसिडीच्या टोळीमागे फिरला. आणि 1891-92 मध्ये आयडाहोच्या कर डलेन भागात खोट्या नावाने खाण कामगारांच्या युनियनमध्ये घुसला, त्यांचा सेक्रेटरी झाला, आतल्या बातम्या मालकांना देत राहिला, आणि उघडा पडल्यावर खोलीच्या लाकडी जमिनीला भोक पाडून फुटपाथच्या फळ्यांखालून सरपटत पळाला. हा माणूस काउबॉय पण होता आणि प्रायव्हेट डिटेक्टिव्ह पण, एकाच आयुष्यात. म्हणून मला कोणी म्हणालं ना की वेस्टर्न आणि डिटेक्टिव्ह हे दोन वेगळे प्रकार आणि त्यांचं मिश्रण म्हणजे नवा प्रयोग, तर मी सिरिंगोचं नाव घेते. ते वेगळे नव्हतेच, नंतर दुकानातल्या कपाटांत वेगळे ठेवले गेले.

छापणाऱ्यांनाही तेव्हा ते फार वेगळे वाटत नसावेत. रेड हार्वेस्ट आधी ब्लॅक मास्क या मासिकात नोव्हेंबर 1927 ते फेब्रुवारी 1928 अशी चार भागांत आली, आणि त्या काळात हे मासिक डिटेक्टिव्हच्या शेजारी वेस्टर्न आणि साहसकथाही छापायचं, वाचक तोच, पैसे तेच. आणि हॅमेटने याच्या आधी 1925 मध्ये कॉर्कस्क्रू नावाची लांब कथा लिहिली होती, तिच्यात हाच ऑप ॲरिझोनाच्या वाळवंटात डेप्युटी शेरीफ म्हणून जातो, घोडा त्याला पाडतो, तो परत चढतो, सगळं उघड उघड वेस्टर्न. ती पण वाचा जमलं तर, मजा येते. पण तिच्यात दोन प्रकार शेजारी शेजारी बसलेत, डिटेक्टिव्हला वेस्टर्नमध्ये नेऊन सोडलंय एवढंच. रेड हार्वेस्टमध्ये ते विरघळलेत. घोडे काढून टाकल्यावरच मिश्रण जमलं, हे मला फार शिकण्यासारखं वाटतं, विशेषतः जे स्वतः असं काही लिहायला बसलेत त्यांना.

आता पुस्तक चालतं कसं ते सांगते. 27 प्रकरणं आहेत, छोटी छोटी, आणि पहिल्या खुनाचा उलगडा एक चतुर्थांश पुस्तकातच होऊन जातो. हो, खरंच. खुनी कोण हा प्रश्न संपतो आणि पुस्तक तिथून पुढे खरं सुरू होतं, कारण आता प्रश्न असा की या गावाचं काय करायचं. गावात चार-पाच मोठी माणसं आहेत, जुगाराचे अड्डे चालवणारा मॅक्स थेलर ज्याला घोगऱ्या कुजबुजत्या आवाजामुळे सगळे व्हिस्पर म्हणतात, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकणारा पीट द फिन, चोरीचा माल आणि जामिनाचा धंदा सांभाळणारा ल्यू यार्ड, त्याचा माणूस रेनो स्टार्की, आणि पोलीस चीफ नूनन. ऑप यांच्याविरुद्ध पुरावे गोळा करून कोर्टात जात नाही. कोर्ट कोणाचं आहे हे त्याला माहितीये. तो याचं त्याला आणि त्याचं याला सांगतो, अर्धं खरं अर्धं खोटं, आणि बाजूला होऊन बघतो.

बॉक्सिंगच्या मॅचचं प्रकरण तर मी पुस्तक न वाचणाऱ्यांनाही वाचून दाखवते. मॅच फिक्स आहे, आइक बुश हरणार हे ठरलंय, सगळ्या गावाचे पैसे त्यावर लागलेत. ऑपला त्या बॉक्सरचं जुनं प्रकरण माहीत असतं, तो दुसऱ्या नावाने फिलाडेल्फियात वाँटेड आहे, तर ऑप त्याला सांगतो, हरलास तर तुला तिकडे पाठवतो. बिचारा जिंकतो. रेफरी त्याचा हात वर करतो आणि त्याच क्षणी गॅलरीतून एक सुरा येतो. हे सगळं इतक्या सपाट आवाजात सांगितलंय की आधी सुरा दिसतो आणि मग आपल्या लक्षात येतं की ऑपने एका माणसाला मरायला ढकललं. आणि ऑप त्यावर काही बोलत नाही. हॅमेट पण बोलत नाही. निवेदन ऑपचंच आहे, प्रथमपुरुषी, पण मनातलं काही सांगायचं नाही, फक्त काय दिसलं, कोण काय बोललं, मी काय केलं. भावना वाचकाने स्वतः भरायच्या. याच शैलीला पुढे हार्डबॉइल्ड म्हणून नाव पडलं आणि शेकडो लोकांनी ती उचलली.

डायना ब्रँडबद्दल वेगळं लिहायलाच हवं. नॉयरमधली बाई म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गुळगुळीत, सिगरेट ओढणारी, कपडे अगदी परफेक्ट असलेली. डायनाच्या स्टॉकिंगला कायम धागा सुटलेला असतो, भांग वाकडा, लिपस्टिक ओठांबाहेर गेलेली, आणि गावातले सगळे पुरुष तिच्यामागे वेडे झालेले. तिला पैसा आवडतो आणि ती ते लपवत नाही. ऑपला माहिती हवी असते तेव्हा ती आधी पैसे मागते, तो कमी देतो, ती वाढवून मागते, त्यांची घासाघीस चालते आणि त्या घासाघिशीत हळूहळू दोघांना एकमेकांची संगत आवडायला लागते. प्रेम वगैरे शब्द कुठेच नाही. जिन पीत, टेबलाशी बसून, भांडत. जुन्या वेस्टर्नमध्ये एक सलूनमधली बाई असते आणि एक शाळामास्तरीण असते, हिरोला दोघींतून निवडायचं असतं. इथे तसा पर्यायच नाही, डायना एकटी आहे आणि ती दोन्ही नाही. 1929 सालच्या गुन्हेगारी कादंबरीत इतकी जिवंत बाई बघून मला खरंच आनंद झाला.

आणि डायनाच्याच घरात पुस्तकाचा कणा असलेला प्रसंग येतो. गुंडांची समेटाची बैठक झालीये, ऑपने मुद्दाम एकेक गोष्ट उघड करून ती मोडलीये, आणि रात्री तो डायनासमोर बसून मेलेल्यांची यादी करतो. एकेक नाव. आठवड्याच्या आत सोळा. तो म्हणतो की मी हे कायदेशीर मार्गानेही करू शकलो असतो, म्हाताऱ्याला पकडून सरळ काम झालं असतं, पण मारामारी लावून देणं सोपं होतं, आणि आता मला त्याची मजा यायला लागलीये, या गावाने मला पोखरलं. घाबरलेला असतो तो. अख्ख्या पुस्तकात हा माणूस एकदाच घाबरतो आणि ते बंदुकीला नाही, स्वतःला. त्याच्या थोडं पुढे तर अशी वेळ येते की एक खून आपणच केला का नाही हे त्याला स्वतःला माहीत नसतं, त्याचा सोबती डिक फोलीला पण संशय येतो, आणि आपण वाचक असून आपल्यालाही खात्री देता येत नाही.

वेस्टर्नचा हिरो गावात येतो, माणसं मारतो आणि मावळतीकडे निघून जातो, हात स्वच्छ. नॉयरचा डिटेक्टिव्ह कितीही केलं तरी शहर बदलत नाही हे माहीत असून काम करतो. हॅमेटने पहिल्याचं काम दुसऱ्याला दिलं. गाव साफ कर म्हणाला, आणि मग साफ करणाऱ्याचं काय होतं ते बघत बसला. मिश्रण म्हणतात ते हे. शोले मध्ये ठाकूर जय-वीरूला आणतो तेव्हा आपल्या मनात एकदाही येत नाही की ठाकूरनेच आधी गब्बरला पगारावर ठेवलं असेल, किंवा गब्बर गेल्यावर रामगढ कोणाच्या हातात जाईल. ही कादंबरी वाचल्यावर तो प्रश्न पडायला लागतो आणि मग कुठलंही वेस्टर्न आधीसारखं बघता येत नाही.

याचा पुढे झालेला परिणाम बहुतेक लोकांना पुस्तक न वाचताच माहीत असतो. अनोळखी माणूस दोन टोळ्यांच्या गावात येतो आणि दोघांना एकमेकांवर सोडतो, हे जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या योजिम्बो या सिनेमात 1961 ला सामुराई म्हणून आलं, आणि इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने 1964 मध्ये अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स करताना तेच परत वेस्टर्नमध्ये नेलं, ज्यावरून जपानी कंपनीने दावा लावला आणि समेट झाला. कुरोसावांनी स्वतः हॅमेटच्याच दुसऱ्या एका कादंबरीवरच्या सिनेमाचं नाव घेतलेलं आहे, पण सांगाडा रेड हार्वेस्टचा आहे असं मानणारे समीक्षक भरपूर, आणि दोन्ही बघून-वाचून मला तेच पटतं. फरक एवढाच की योजिम्बोचा सामुराई एका कुटुंबाला वाचवतो, थोडा चांगला होतो. ऑपला हॅमेट तेवढीही सूट देत नाही.

आता जे खटकलं ते. मध्ये मध्ये नावांचा फार गोंधळ होतो. एक माणूस दोन पानांपूर्वी मेलेला असतो आणि त्याच्याबद्दल बोलणारा पुढच्या पानावर मरतो, कोण कोणाच्या बाजूने होता हे लक्षात ठेवायला मी शेवटी कागदावर लिहीत गेले, तुम्हीही लिहा, लाजायचं काही कारण नाही. चार भागांत मासिकासाठी लिहिल्याचे सांधे दिसतात, प्रत्येक भागाला आपला एक धमाका हवा म्हणून काही धमाके आलेत. पुस्तक करताना प्रकाशकाने मारामारी थोडी कमी करायला लावली होती आणि पॉयझनव्हिल हे मूळ नावही बदलायला लावलं, तरीसुद्धा शेवटच्या चतुर्थांशात बॉम्ब आणि गोळीबार इतके आहेत की मन बधिर होतं. ते मुद्दाम आहे असं म्हणता येईल, ऑप पण बधिर झालाय म्हणून, पण काही पानं नुसतीच लांबलीत हे खरं.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सुरुवातीला बिल क्विंट नावाचा एक युनियनचा माणूस भेटतो, आयडब्ल्यूडब्ल्यूचा, तोच ऑपला संपाचा सगळा इतिहास सांगतो, फार छान प्रसंग आहे, दोघं एकमेकांना ओळखून असतात. आणि मग तो पुस्तकातून जवळजवळ गायबच होतो. त्याच्याबरोबर खाण कामगार पण गायब. चाळीस हजारांच्या गावात आपल्याला गुंड भेटतात, पोलीस भेटतात, वकील भेटतात, बँकेतला कारकून भेटतो, पण ज्यांच्या संपामुळे हे सगळं झालं त्या कामगारांच्या घरात हॅमेट एकदाही नेत नाही. ज्या माणसाला त्या बाजूबद्दल आतून वाटत होतं, जो पुढे 1951 मध्ये डाव्या चळवळीतल्या लोकांच्या जामीन निधीला देणाऱ्यांची नावं सांगायला नकार देऊन तुरुंगात गेला, त्याने हे दार उघडायला हवं होतं. वेस्टर्नमध्ये निदान शेतकऱ्यांचं एक कुटुंब तरी असतं ज्याच्यासाठी हिरो लढतो. इथे ते नाही, आणि हे नसणं कितीही नॉयरला धरून असलं तरी मला त्याची उणीव जाणवली.

भाषेबद्दल विचारणारे असतील म्हणून सांगते. इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी, संवाद भरपूर, पण 1920 च्या दशकातली गुन्हेगारांची बोली आहे, पहिली तीस-चाळीस पानं अडखळायला होईल. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका, संदर्भाने कळतं, आणि ज्यांनी कधीच हार्डबॉइल्ड वाचलेलं नाही त्यांनी घाई न करता दिवसाला दोन-तीन प्रकरणं वाचा, तशीच रचना आहे त्याची. आकाराने लहान आहे, एका रविवारी पण संपेल पण नावांमुळे मी तसं सुचवणार नाही.

विकत घ्यायचं तर पेपरबॅक सहज मिळते. पण एक महत्त्वाचं, हॅमेट 10 जानेवारी 1961 ला गेला आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो, म्हणजे भारतात 2022 च्या सुरुवातीपासून हे पुस्तक मुक्त आहे. अमेरिकेत 2025 पासून झालं. तेव्हा ई-बुक फुकट वाचण्यात चोरी वगैरे काही नाही, फक्त नीट तपासलेली प्रत बघून घ्या, काही फुकट फायलींमध्ये स्कॅनिंगच्या चुका भरपूर असतात आणि या पुस्तकात एक शब्द चुकला की संवाद कळत नाही. आणि मराठीत भाषांतर करणाऱ्यांनाही आता परवानगीसाठी कोणाच्या मागे फिरावं लागणार नाही. कोणीतरी मनावर घ्या हो. ब्यूटच्या खाणीतली बोली मराठीत कशी आणायची हा अवघड प्रश्न आहे पण ऑपचा तो कोरडा, मोजका, कामाशी काम ठेवणारा आवाज मराठीत अगदी चपखल बसेल असं मला मनापासून वाटतं, आमच्या घरातली जुनी पोलीस खात्यातली माणसं अशीच बोलायची.

कोणी वाचू नये ते पण सांगते. ज्यांना कोडं सुटण्यात मजा येते, शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून खुनी कोण ते सांगितलेलं आवडतं, त्यांनी नको. रक्तपात झेपत नसेल तर नको. हिरो आवडलाच पाहिजे असा आग्रह असेल तर अजिबातच नको. बाकी ज्यांना लिओनेचे सिनेमे आवडतात, ज्यांना नॉयर आवडतं, आणि विशेषतः जे या दोन्हीचं मिळून काहीतरी लिहायच्या खटपटीत आहेत त्यांनी बाकी यादी बाजूला ठेवून आधी ही वाचा, आणि बॉक्सिंगच्या प्रकरणावर आणि समेटाच्या बैठकीवर दोनदा थांबा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो बिल क्विंट आणि त्याच्या खाण कामगारांसाठी.